शेठ, तुमची पिशवी!

किराणा दुकानात उभं आयुष्य काढलेल्या माणसाकडे किस्से किती असतात, हे त्याच्या बायकोला विचारावं. आमच्या हिने माझे सगळे किस्से इतक्या वेळा ऐकलेत, की सांगताना मी एखादं नाव विसरलो तर ही स्वयंपाकघरातून ओरडून सांगते! किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही हो. गोणी कितीही झटकली तरी तळाशी चार दाणे राहतातच, तसे ते राहून जातात.

परवा नातीने दुकानातून एक टूथब्रश आणला. ब्रश पिशवीत, आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत! मी दोन्ही पिशव्या झटकल्या, नीट घडी घातली आणि गादीखाली सारल्या. नात म्हणाली, "आजोबा, त्या फेकायच्या असतात." झालं, माझी गोणी सुटली.

दुकान कशेळ्याचं. मी राहायला कडावला, रोज सकाळी सायकल हाणत जायचो. मालक भाऊशेठ. हा माणूस सकाळी दहा वाजता कुणावर तरी ओरडायचा आणि अकराच्या आत त्यालाच चहा पाजायचा. मी माल तोलायचो आणि पुड्या बांधायचो. मी बांधलेली साखरेची पुडी एसटीच्या टपावरून पडली तरी सुटत नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

तेव्हा दुकानात प्लास्टिक नव्हतं. डाळ, साखर, चहा रद्दी पेपरात. तेल गिऱ्हाइकाच्या बाटलीत. आणि मीठ, गूळ, सुकी मासळी पळसाच्या पानात. ओल्या मिठाने पेपर अर्ध्या वाटेत फाटतो, पान घरापर्यंत टिकतं.

ही पानं सोमीबाय आणायची. वरच्या ठाकरवाडीतली, पन्नाशीची, अंगाने काटक. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन डोंगर उतरायची. लहान पानांच्या जुड्या गुळासाठी वेगळ्या, मोठी पानं काडीने टाचून मिठासाठी वेगळी. पानं ठेवायची, त्या बदल्यात आठवड्याचं मीठ आणि मूठभर जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, घ्यायचा, तांब्याभर पाणी प्यायचं आणि चालू लागायचं. पैशाचा विषयच नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

*

पुड्यांच्या पेपरचा सगळ्यात मोठा वाचक म्हणजे पाटकर गुरुजी. शाळेत मुलांना भूगोल शिकवायचे आणि घरी पुड्या वाचायचे. पुडी सोडताना कागद फाटू नये म्हणून दोऱ्याची गाठ दाभणाने सोडवायचे, बोला!

एकदा पोह्यांच्या पुडीवर त्यांना एका रहस्यकथेचा भाग सापडला. खून झालाय, डिटेक्टिव्ह कपाटाचं दार उघडतोय, आणि तिथेच भाग संपला. दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात हजर. रद्दीच्या गठ्ठ्यात पुढचा भाग शोधू लागले, आणि नशीब बघा, सापडला!

"दत्तू, हा कागद मला दे."

पण भाऊशेठ कसले ऐकतात! "गुरुजी, रद्दी सुटी मिळत नाही. माल घ्या, कागद बरोबर येईल."

गुरुजींना माल नको होता. वाणसामान कालच भरलेलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घाईघाईत म्हणाले, "मग अर्धा किलो मेथीदाणे द्या!"

संध्याकाळी गुरुजींच्या बाई पुडी घेऊन तणतणत दुकानात आल्या. "भाऊशेठ, आमच्या घरात माणसं दोन. अर्धा किलो मेथी आम्ही किती वर्षं खायची?" मागे गुरुजी मान खाली घालून उभे.

शेठनी मेथी परत घेतली आणि हळूच विचारलं, "गुरुजी, गोष्ट तरी संपली ना?"

"कुठली संपतेय! खाली पुन्हा 'क्रमशः'!"

*

आमचा कुलाबा जिल्हा जाऊन रायगड झाला, त्या सुमाराला कल्याणचा एक एजंट प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन दुकानात आला. निळ्या, पातळ, धरायला दोन कान. शेठ एकदम खूश! मला मात्र पहिल्या दिवसापासून त्या पिशव्यांचा राग होता, हे मान्य करतो. पुडी बांधायला हात लागतो. पिशवीत काय, कुणीही ओततं.

बाजाराच्या दिवशी शेठनी दुकानात गर्दी बघून एक पिशवी उंच धरली. "आता पावसात मीठ भिजायचं नाही, साखर भिजायची नाही. पाण्याचा थेंब आत जाणार नाही!" एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण त्यांना करून दाखवायचं होतं. त्यांनी अख्खा तांब्या पिशवीत ओतला आणि पिशवी सगळ्यांच्या डोक्यावर धरून फिरवली.

गठ्ठा ठेवला होता गुळाच्या ढेपेशेजारी. पिशव्यांना गुळाचा वास लागलेला, आणि उंदरांना काय, वास पुरे. पिशवीला बारीक भोक पडलेलं! पाण्याची धार निघाली ती सरळ शेठच्या धोतरावर. शेठपुढे हसायचं कुणी?

पायरीवर सोमीबाय पानांची पाटी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "शेट, आत जात नाय हे खरं हाय. पन भाईर येतंय की!"

दुकान खदखदून हसलं. शेठही हसले. पण त्याच दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. "दत्तू, सोमीला सांग, पुढच्या बाजारापासून पानं नकोत."

"तुम्हीच सांगा की शेठ."

"मी मालक आहे," शेठ म्हणाले.

मी पायरीवर जाऊन सांगितलं. सोमीबाय म्हणाली, "बरं." मग पाटीकडे बघत तिने विचारलं, "मंग मीठ?"

तेवढ्यात आतून शेठ ओरडले, "आजचं दे तिला! नव्या पिशवीत दे, भरून दे!" मी निळी पिशवी काठोकाठ भरून दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली. पानं तशीच पायरीवर ठेवली आणि पाणी न पिता गेली. पुढच्या बाजाराला ती आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. वाडीतल्या माणसांकडून कळलं, की आता ती पानं घेऊन पायी कर्जतला जाते, विकली गेली तर मीठ घेते, नाहीतर तशीच परत येते. मला वाईट वाटायचं. पुड्या बांधायला बसलो की पायरीकडे नजर जायची.

*

सोमीबाय येईना, पण तिच्या वाडीतली बाकीची गिऱ्हाइकं येत होती. त्यात एक धाऊ म्हातारा. पिशव्या सुरू होऊन दोन बाजार झाले असतील, म्हातारा आला आणि त्याने गल्ल्यावर एक पिशवी ठेवली. आत चार काकड्या.

"शेट, तुमची पिशवी."

शेठना वाटलं, काकड्या विकायला आणल्यात. "धाऊ, मी किराणावाला. काकड्या बाजारात जाऊन बस."

"इकाया नाय आनल्या. तुमचं भांडं, रिकामं कसं देव?"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे शेजारणीच्या वाटीतून काही आलं, तर वाटी रिकामी परत करत नाहीत. म्हाताऱ्याच्या हिशेबी पिशवी म्हणजे दुकानाचं भांडं! इतकी चांगली, धुऊन पुन्हा वापरता येणारी वस्तू कुणी मिठाबरोबर फुकट देऊन टाकेल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. पिशवी ओढ्यावर धुतलेली, सावलीत वाळवलेली. शेठ म्हणाले, "अरे, ती तुझीच. ठेव तुला."

म्हातारा रागावला! "आमी काय दुसऱ्याची वस्त घरात ठेवनारी मानसं हाव?"

पुढच्या बाजाराला पिशव्या घेऊन सगळी वाडीच उतरली. काकड्या, करटुली, वालाच्या शेंगा, मोहाची वाळवलेली फुलं. शेठचं घर दुकानाच्या मागेच. रोज कुणी ना कुणी पायरीवर उभं, "शेट, तुमची पिशवी." वहिनी, म्हणजे शेठची बायको, एक दिवस म्हणाली, "अहो, पिशव्या आल्यापासून मी भाजी विकत घेतली नाही. हा धंदा चांगलाय, किराणा बंद करा!"

*

हे फक्त वाडीवरच होतं असं समजू नका. आमच्या कडावची एक नवी नवरी, माझ्या शेजारच्या घरात आलेली, साखर न्यायला आली. मी पिशवीत घालून दिली. तिने काय करावं? साखर सगळी पदरात ओतून घेतली, पदराला गाठ मारली, आणि पिशवीची चौकोनी घडी करून कमरेला खोचली!

"अगं, मग पिशवी घेतलीस कशाला?"

"परत द्यायची हाय ना दादा? चिकट कशापायी करू?"

*

सगळ्यात धमाल काळूने केली. काळूची शेती कशेळ्याच्या खालच्या अंगाला. भाताच्या खाचरात पावसाळ्यात खेकडे निघतात, त्यांना आम्ही मुठे म्हणतो. काळूने विचार केला, शेठना सगळे काकड्याच देतात, आपण जरा बरं काहीतरी देऊ. त्याने पिशवीत जिवंत मुठे भरले, तोंड बांधलं आणि सकाळच्या गर्दीत गल्ल्यावर आणून ठेवले.

मुठ्यांना नांग्या असतात हे काळूला ठाऊक होतं. पिशवी किती पातळ असते हे ठाऊक नव्हतं.

पहिला मुठा डाळीच्या गोणीवर दिसला. दुसरा तराजूच्या पारड्यात. मग तर सगळीकडेच! बायका पायरीवरून खाली उतरल्या, शेठ गादीवर उभे राहिले, आणि पाटकर गुरुजी तेलाच्या डब्यावर चढून भूगोल विसरले. शेवटी वहिनीने पदर खोचला आणि एकेक पकडून पातेल्यात टाकला. दुपारी रस्सा झाला. मी दोनदा वाढून घेतला.

पण काळू जेवायला थांबला नाही. फाटकी पिशवी हातात घेऊन तो रडवेला झालेला. "शेट, तुमच्या वस्तूचं वाटोळं केलं मी." शेठनी परोपरीने समजावलं, असू दे रे, जाऊ दे रे. ऐकेना. पिशवी घेऊन गेला.

चार दिवसांनी आणून दिली. प्रत्येक भोकाला गोधडीचा टाका!

*

वर्षाने कल्याणचा एजंट पुन्हा आला. "शेठ, किती गठ्ठे टाकू?"

शेठनी फळीवर बोट दाखवलं. पहिला गठ्ठा अजून अर्धासुद्धा उलगडला नव्हता. एजंट बघतच राहिला. त्याच्या बाकीच्या दुकानदारांकडे गठ्ठा बघता बघता संपत असे. "तुमची गिऱ्हाइकं पिशव्या फेकत नाहीत?"

धाऊ म्हातारा तिथेच तंबाखू मळत बसला होता. "फेकू कशी? शेटची हाय."

मग एजंट त्याच्याशेजारी बसला आणि मन लावून समजावू लागला, की बाबा, ही वस्तू एकदा वापरायची आणि टाकून द्यायची, नवीन घ्यायची, हीच तर तिची मजा आहे. म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू तोंडात टाकली आणि विचारलं, "सायेब, तुमच्या घरी भात खाऊन झाला का पातेलंबी फेकता का?"

एजंट उठला. जाताना म्हणाला, "शेठ, पुढच्या पावसाळ्यात येतो. तोवर ह्या पिशव्यांच्या चिंध्या होतील, तेव्हा घ्यावाच लागेल माल."

*

त्याचं खरं होतं. पिशव्या झाल्या तरी किती टिकणार? पुढच्या पावसाळ्यापर्यंत उंदरांनी फळीवरचा गठ्ठा पुरा कुरतडला, आणि गावात फिरणाऱ्या पिशव्यांना इतके टाके पडले की त्यात मीठ राहीना. शेठनी ठरवलं, या वेळी मोठा माल घ्यायचा, दिवाळीपर्यंत पुरेल असा. मला म्हणाले, "पानांचं झेंगट कायमचं संपलं बघ." एवढे दिवस मनाच्या कोपऱ्यात होतं, की पिशव्या संपल्या तर सोमीबायला निरोप धाडता येईल. तेही संपलं.

एजंट बाजाराच्या दिवशी आला. बाकड्यावर बसून त्याने ऑर्डरचं पुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं. वहिनीने चहा आणून ठेवला. बाहेर भुरभुर पाऊस, दुकानात आम्ही तिघंचौघं.

पायरीवर पाटी टेकल्याचा आवाज झाला. बघतो तर सोमीबाय! दीड-दोन वर्षांनी आली. आणखी वाळली होती. पायाला फडकं बांधलेलं, कर्जतची वाट काय जवळ आहे? मी उठून पाणी आणायला निघालो, तर तिने हाताने थांब म्हटलं. पाटीतून एक निळी पिशवी काढली आणि गल्ल्यावर ठेवली.

"शेट, तुमची पिशवी. द्यायची ऱ्हायली होती."

मी ओळखली. माझ्याच हाताने मीठ भरून दिलेली. एक टाका नाही, एक डाग नाही, आणि गच्च भरलेली. शेठनी पिशवीचं तोंड सोडलं. आत पळसाची पानं. लहान पानांच्या जुड्या गुळाच्या वेगळ्या, मोठी मिठाची वेगळी, काडीने टाचलेली. पूर्वी आणायची तश्शीच.

शेठ म्हणाले, "सोमे, पानं नकोत म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"इकाया नाय आनली, शेट. रिकामी कशी देव?" आणि तिने पाटी उचलली.

शेठ पानांकडे बघत राहिले. एक मोठं पान काढून त्यांनी उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. मग एकदम माझ्यावर ओरडले, "बघतोस काय, दत्तू! पानं काढून ठेव आणि त्या पिशवीत मीठ भर!"

"किती, शेठ?"

"पिशवीभर! वर जवळा घाल मूठभर."

मी भरली. शेठनी पिशवी स्वतः उचलून तिच्या पाटीत ठेवली आणि तिच्यावरही ओरडले, "पण पिशवी माझी आहे, सांगून ठेवतो! पुढच्या बाजाराला परत आणून द्यायची! दर बाजाराला!"

"आनीन की," सोमीबाय म्हणाली. मग पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "आता पानी दे रं, दत्तू."

मी तांब्या आणून दिला. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी उगाच तराजू पुसत बसलो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पावशेर गूळ मागितला. शेठनी गल्ल्यावरचं एक लहान पान माझ्याकडे सरकवलं.

एजंटचा चहा निवला होता. त्याने पेन सरसावलं. "मग शेठ, पिशव्या किती लिहू?"

"नको," शेठ म्हणाले. "एक आहे आमच्याकडे."